शेवटची वडी

अर्विडने ताट आपल्याकडे ओढलं, तसं स्वयंपाकघराच्या हॉलकडे उघडणाऱ्या खिडकीतून बघणाऱ्या व्हर्नाने इर्माला कोपर मारलं.

“बघ. आता नुसता बघत बसेल.”

ताटात लिंबाची एकच वडी उरली होती, वर पिठीसाखर भुरभुरलेली. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये प्रार्थनेनंतरची कॉफी संपत आली होती. लांब टेबलाच्या टोकाला अर्विड नेहमीच्या जागी बसला होता. आज मात्र काळा कोट अंगातच होता, गुंड्या लावलेल्या. बाहेर त्याचा मुलगा कर्टिस गाडी चालू ठेवून उभा होता. मिनेसोटातली थंडी म्हाताऱ्याला आता सोसायची नाही म्हणून तो बापाला ॲरिझोनाला घेऊन चालला होता. “एवढा हिवाळाच,” असं कर्टिस म्हणत होता. पण तिकडे गेलेलं म्हातारं माणूस परत आलेलं गावात कोणी पाहिलं नव्हतं.

व्हर्नाचा एक सिद्धांत होता. भांडी घासता घासता तिने तो पक्का केला होता. माणूस ओळखायचा तर त्याचं बोलणं ऐकू नये, ताटातल्या शेवटच्या वडीशी तो कसा वागतो ते बघावं. माणसं तीन तऱ्हांची. पहिली सुरीची. ही शेवटची वडी घेत नाहीत, कापून अर्धी घेतात. पुढचा त्या अर्ध्याची अर्धी. असं करत नखाएवढा तुकडा उरतो आणि कोणीच हावरं ठरत नाही. सगळं गाव याच तऱ्हेचं, पाद्रीबाबा तर त्यांचे पुढारी. दुसरी डोळ्यांची. ही बघतात, जीव अडकवतात आणि उठून जातात. तिसरी हाताची. सरळ उचलतात, तोंडात टाकतात.

“ही आपल्याकडे पिकत नाहीत,” व्हर्ना म्हणे. “इर्माचा शिकागोचा जावई तेवढा एक.”

“एका वडीवरून किती वर्षं टोचशील गं त्याला?” इर्मा म्हणे.

याच सिद्धांतावर व्हर्ना कोणाचं लग्न टिकेल ते सांगे, कोणाला ट्रॅक्टर उसना द्यावा तेही सांगे. बरेचदा खरं निघे.

अर्विड डोळ्यांचा, यात तिला शंका नव्हती. दर रविवारी तोच प्रकार. वडी एक उरली की तो ताट आपल्यापुढे ओढी. त्याला हवी असेल असं समजून बाकीचे सुरी खाली ठेवीत. हा मात्र कॉफी पीत बसे. शेवटी ताट उचलून खिडकीत आणून ठेवी, “छान झालं होतं” म्हणे आणि जाई. मग इर्मा कपबशा लावायला कपाटाकडे वळली की व्हर्ना हॉलकडे पाठ करून ती वडी उभ्या उभ्या खाई. अन्न टाकणं पाप. आणि बाहेर टेबलावर जाऊन बसायला तिला कधी सवड झाली नव्हती.

तिचा नवरा गेल्यापासून तिच्या दारातला बर्फ अर्विड काढत असे. ती खिडकी उघडून म्हणे, “बराच पडला.” तो म्हणे, “पडला खरा.” एवढंच बोलणं. पण यंदा बर्फ पडेल आणि खाली फावड्याचा आवाज येणार नाही, हे काही तिच्या मनातून जात नव्हतं.

“तू सांग ना त्याला, थांब म्हणून,” इर्मा म्हणाली.

“मी का सांगू? राहायचं असेल तर तोच बोलेल.”

“आणि नाही बोलला तर?”

“नाहीच बोलणार. ज्याचा हात वडीपर्यंत जात नाही, त्याचा माणसापर्यंत काय जाणार?” व्हर्नाने धुतलेलाच कप पुन्हा पाण्यात बुडवला.

“आणि तू गं? तू कुठल्या तऱ्हेची?”

“मी आत असते. आतल्यांना तऱ्हा नसते.”

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. अर्विडने गुडघ्यांवर थाप मारली. “बरं तर.” एरवी या ‘बरं तर’नंतर गावातला माणूस तासभर हलत नाही. आज तो उठलाच. ताट खिडकीत आलं.

“आज तरी खा रे!” व्हर्नाचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढला. “इतकी वर्षं नुसता बघतोस. तिकडे वाळवंटात कोण खायला घालणार आहे तुला?”

अर्विडने हातातली टोपी फिरवली.

“मला लिंबू नाही गं आवडत.”

“मग ताट कशाला ओढतोस?”

“माझ्यापुढे असलं की कोणी सुरी लावत नाही,” तो म्हणाला. “अख्खी वडी आत येते.”

इर्माचा फडका जागच्या जागी थांबला. अर्विड टोपी घालून दाराकडे वळला.

व्हर्नाने एप्रनची गाठ सोडली. ताट घेऊन ती हॉलमध्ये आली. पाद्रीबाबांनी सवयीने सुरी पुढे केली. तिने ती घेतली नाही. सगळ्यांसमोर तिने अख्खी वडी उचलली आणि खाल्ली, घाई न करता, शेवटच्या कणापर्यंत. टेबलाभोवतीचं बोलणं एकदम बंद पडलं. ती शांतता ऐकूनच अर्विड दारात थांबला.

व्हर्ना त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याची बाही धरली. काळ्या कोटावर पिठीसाखरेची बोटं उमटली.

“कर्टिसला सांग,” ती म्हणाली, “गाडी बंद कर.”