चहाचा डाग

"तुमच्या लेकीला साधा कप धरता येत नाही! नव्याकोऱ्या कपाटावर चहा सांडून ठेवलाय," जावई फोनवर डाफरला.

"आलोच, जावईबापू," म्हणत बाबा पॉलिशचं सामान घेऊन निघाले. जन्मभर लोकांच्या लाकडावरचे डाग काढले, आणि आपलीच लेक अशी? "धांदरट कुठली!" पोचताच ते तिच्यावर खेकसले. ती खाली मान घालून कपाटाला टेकून उभी होती. "हो बाजूला!"

ती बाजूला झाली. डाग बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीवर होता; तिथून ओघळ खाली आले होते.

बाबांनी पॉलिश पेपर जावयाच्या हातात कोंबला.



"हातातून सुटलेला कप जमिनीवर फुटतो रे! आता घासत बस तूच. चल गं पोरी, बॅग भर."