पहिला ताप

थर्मामीटरवर एकशे एक दिसताच शालनने डॉक्टरांना फोन लावला. "कस्तुरीला ताप आलाय," तिने सांगितलं.

थोरल्या मुलाला सहा वर्षांत कधीच ताप आला नव्हता. "माझं पोर काटक आहे," असं ती कौतुकाने सांगायची. शेवटच्या सर्दीतही त्याचं अंग गार लागलं, म्हणून तिने दवाखाना दोन दिवस लांबणीवर टाकला. तो गेल्यावर डॉक्टरांनी समजावलं होतं, "विषाणूच्या अंगावरची प्रथिनं ओळखली की पहाऱ्यावरच्या पेशी बोंब मारतात. ताप म्हणजे तीच बोंब." त्याच्या पेशींनी शेवटपर्यंत काहीच ओळखलं नव्हतं. धाकट्या कस्तुरीतही तोच दोष निघाला, म्हणून वर्षापूर्वी, या पेशी जिच्यात तयार होतात ती अस्थिमज्जा तिच्या वडिलांकडून घेऊन तिला दिली गेली.

आज डॉक्टरांनी तिला तपासलं. "साधी सर्दी आहे, ताई," ते म्हणाले, "पण या खेपेला शरीराने ती ओळखली."

घरी आल्यावर शालनने कपाळावरच्या पट्ट्यांसाठी वाडग्यात पाणी घेतलं. दोन लेकरांची आई असूनही त्यात मीठ किती घालायचं, हे तिला शेजारणीला विचारावं लागलं.