काच स्वच्छ आहे

"काचेवर काही बसलंय का बघ रे," बाबांनी चष्मा मुलाच्या हातात दिला. "सकाळपासून सगळं धुरातून बघितल्यासारखं दिसतंय. पुसून पुसून बोटं दुखली."

मुलाने चष्मा ट्यूबलाइटखाली धरला. दोन्ही काचांवर पांढरट थर होता, काडीच्या बाजूला दाट, मधे जरा विरळ. त्याने तो बघताक्षणी ओळखला. तो मोबाइल दुरुस्त करायचा. लोक घरच्या घरी झटपट चिकटणारा गोंद लावून कॅमेऱ्याची काच अशीच पांढरी करून आणत आणि तो त्यांना वर चार शब्द सुनावत असे. हा गोंद वाळताना वाफ सोडतो, तो उघड्यावरच वाळू द्यावा लागतो. बाबांनी काल तुटलेली काडी चिकटवली आणि धूळ बसू नये म्हणून चष्मा लगेच डबीत घालून घट्ट बंद केला. छत्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. उघडी वस्तू त्याला बघवत नसे.

मुलगा सांगणारच होता. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याची नजर रस्त्याकडच्या टेबलावर गेली. ते बाबांचं टेबल. मुलाचं टेबल मागे, जिन्याखाली. दिवसाकाठी घड्याळवाली दोन माणसं येत आणि मोबाइलवाली वीस, आणि ती वीसच्या वीस बाबांच्या कोपराला घासून आत येत. मुलाने पाच वर्षं ती पुढची जागा मागून पाहिली. उत्तर ठरलेलं असे. डोळे शाबूत आहेत तोवर दुकान माझं, मग तुझंच आहे.

"काच स्वच्छ आहे, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी चष्मा परत चढवला. चष्म्याशिवाय त्यांना जवळचं काही म्हणजे काही दिसत नसे, मग हातातल्या काचेवरचा थर कुठून दिसणार? पोटच्या पोराने सांगितलं, त्यांनी मानलं.

"म्हणजे डोळेच," संध्याकाळी शटर ओढताना ते म्हणाले. "दादाचं असंच सुरू झालं होतं."

दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. तो आंधळा झाल्यावर त्याच्या मुलांनी त्याची खाट न्हाणीघराच्या दाराशी नेली होती. बाबा भेटायला गेले की तो आधी विचारायचा, जेवणाची वेळ झाली का. मुलाला हे माहीत होतं. त्याच्या काळजात चर्र झालं, नाही असं नाही. पण चर्र होऊन गेलं की माणूस जेवतो, झोपतो. तोही झोपला.

पुढच्या आठवड्यात बाबांच्या चिमट्यातून तिळाएवढा स्क्रू निसटला. ते गुडघ्यांवर बसून तळहाताने फरशी चाचपत राहिले. मुलाला तो स्क्रू बसल्या जागेवरून दिसत होता. तो उठला नाही.

डॉक्टरचं नाव काढलं की बाबा हात झटकत. दादाला डॉक्टरने तोंडावर सांगितलं आणि त्याच दिवशी तो खचला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तेच जरा लाजत म्हणाले, "नवा चष्मा करून बघू या का? नंबर वाढला असेल नुसता."

"ऑनलाइन मागवतो. स्वस्तात पडेल."

मुलाने पट्टी घेऊन दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं. बाबा फोटोला बसावं तसे ताठ बसले होते, पापणीही हलू देत नव्हते. त्याने नंबर भरला, पत्ता भरला, फ्रेमचा रंगसुद्धा त्यांना विचारून निवडला. शेवटचं बटण तेवढं दाबलं नाही.

"झालं," तो म्हणाला. "येईल चार दिवसांत."

त्यानंतर दुकानासमोर कुठलीही मोटारसायकल थांबली की बाबा मान वर करत. पार्सल अडकलंय, मुलगा सांगे. महिना होत आला. घेतलेली घड्याळं बाबांनी न उघडताच लोकांना परत केली, प्रत्येकाची माफी मागून. ते जेवायला गेले की मुलगा टेप काढून दर्शनी काचेचं माप घेई.

एका मंगळवारी बाबा दुपारी उशिरा आले. इस्त्रीचा शर्ट होता. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "रागावू नकोस. दुकान विकलं मी. शेजारच्या औषधवाल्याला."

मुलगा मागच्या टेबलावरून उठून पुढे आला.

"पैसे वृद्धाश्रमात भरले. मरेपर्यंतची सोय झाली. आंधळा बाप तुझ्या गळ्यात नको. तुझं काय, एक टेबल कुठेही मांडता येईल."

"मला विचारायचं तरी!"

"कसं विचारणार? तू जाऊच दिलं नसतंस." बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आणि गंमत ऐक. आज तिथे दाखल करून घेताना त्यांच्या डॉक्टरने डोळे तपासले. म्हणाला, ठणठणीत आहेत. काचेवर गोंदाचा थर बसलाय नुसता."

मुलगा त्यांच्यापुढे वाकला. मग कसाबसा म्हणाला, "मग... मग मोडा ना व्यवहार! पैसे परत मागा!"

"सह्या झाल्या रे. भरलेले पैसे ते परत देत नाहीत." बाबांनी हात पुढे करून चाचपत त्याचा खांदा धरला. आवाजात नुसती काळजी होती. "माझं राहू दे. त्याच डॉक्टरकडे सोमवारी तुझा नंबर लावून आलोय. एवढा जाड थर उजेडात धरूनही तुला दिसला नाही, पोरा."