सुटा भाग

"खिडकीला हात लावू नका, दोन्या. कुलूप शोभेला नाही लावलेलं," व्यवस्थापक व्हिटकॉम दात आवळून हसत म्हणाला.

अल्ताग्रासियाने हात मागे घेतला. सगळा मजला तिला मानाने दोन्या म्हणायचा. हाही म्हणायचा, पण तोंडदेखलं. आतल्या खोलीत तिची नात यानेलिस खोकत होती. ब्राँक्समधली ही नवी इमारत वीज वाचावी म्हणून पार हवाबंद बांधलेली. बाहेरची हवा गाळून घराघरांत सोडायला गच्चीवर मोठं यंत्र होतं. ते थंडीच्या तोंडावरच बंद पडलं. जुन्या घरांत उबेसाठी लावलेले रेडिएटर इतके तापायचे, की भर बर्फातही खिडक्या उघड्या टाकायची सगळ्यांना सवय. इथेही त्यांनी तेच केलं, आणि वीज वाया जाते म्हणून लगेच खिडक्यांना कुलपं लागली. यंत्राचं विचारलं की व्हिटकॉमचं एकच पालुपद: "सुटा भाग जर्मनीहून यायचाय." जर्मनीहून एखादा पोहत निघाला असता तरी एव्हाना पोचला असता.

आणि आज हा गृहस्थ बक्षिसाच्या परीक्षक बाईंना घेऊन आला होता! सर्वांत कमी वीज खाणारी, सर्वांत निरोगी इमारत म्हणे. निरोगी! ऐकून कुणाचंही डोकं फिरावं. दोन्याचं घर नीटनेटकं, म्हणून नमुन्याला तेच निवडलेलं. परीक्षक लिंडक्विस्ट बाई मात्र वयस्कर आणि भल्या होत्या.

पण पाहुणे आले आणि शेजारी आले नाहीत, असं दोमिनिकन घरात होत नाही. अख्खा मजला लोटला. शेगडीवर सांकोचोचं भलंमोठं पातेलं रटरटत होतं. त्यातलं मांस, कंद, कच्ची केळी शिजता शिजता खिडकीच्या काचा घामेजल्या.

"जरा गर्दी कमी करा," व्हिटकॉम कुजबुजला.

"जेवल्याशिवाय कोण जातंय?" शेजारचा एउसेबियो म्हणाला. "तुम्हीही बसा. आणि तो कोट काढा साहेब, नाहीतर केळ्यांबरोबर शिजाल."

लिंडक्विस्ट बाईंनी दोन घास खाल्ले. गळपट्टा सैल केला. मग त्या खोकल्या.

"इथे जरा कोंदट वाटतंय का हो?" त्यांनी विचारलं.

व्हिटकॉमचा चेहरा उतरला. बक्षीस हातचं जात होतं. त्याने दाराबाहेर जाऊन खाली फोन लावला, पण घाईत दार लोटायचं राहिलं.

"अरे, चालू कर ते यंत्र! आत्ताच्या आत्ता! वीज गेली खड्ड्यात!"

छतालगतची जाळी घरघरली. गार, स्वच्छ हवा खाली उतरली.

"वा, आता कसं बरं वाटलं," बाई म्हणाल्या. व्हिटकॉम छाती फुगवून आत आला.

एउसेबियोचा घास हातातच राहिला. दोन्या आत गेली आणि यानेलिसला कडेवर घेऊन आली. पोरीला जाळीखाली धरून ती उभी राहिली.

"बाई, तुम्ही रोज येत जा," ती म्हणाली. "माझी नात हिवाळाभर खोकतेय, तर यांना सुटा भाग मिळेना. तुम्ही एकदाच खोकलात."