मागचं वजन

"अजून किती काढू?" लेथवाल्याने विचारलं.

जुन्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा हब लेथवर फिरत होता आणि खाली लोखंडाचा कीस साठत होता. फिटरने मूठभर कीस उचलून तळहातावर जोखला. अजून थोडं काढ, म्हणाला.

लेथवाल्याने मशीनच बंद केलं. दोघांनी एका कारखान्यात तीस वर्षं हाडं झिजवली होती, त्यामुळे त्याला फिटरची भीड नव्हती. चार महिन्यांतली ही तिसरी खेप. आधी चेनच्या चक्राला भोकं पाडून झाली. मग पोलादी रिम जाऊन हलकी ॲल्युमिनियमची आली. आता हबची भिंत तासून तासून पत्र्यासारखी झाली होती.

"हे बघ, हे चाक एकट्याला नेईल," तो म्हणाला. "मागे माणूस बसवलास आणि गल्लीच्या उतारावर ब्रेक दाबलास, तर हब फुटेल. आणि तो उतार कुठे संपतो, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. थेट हमरस्त्यावर, ट्रकच्या तोंडात. पण फिटर हसला. बायको गेल्यापासून मागच्या सीटवर कुणी बसलं नव्हतं आणि तो कुणाला बसू देणारही नव्हता.

गाडीबाबत घरात एकच कायदा होता आणि तो फिटरनेच केलेला. जोवर मी हिला एका दमात डबल स्टँडला लावतो, तोवर किल्ली माझी. दर रविवारी सकाळी तो गाडी धुवायला बाहेर काढी आणि गल्लीदेखत एका झटक्यात स्टँडला लावी. मुलाने अठराव्या वर्षी एकदा हात लावून पाहिला होता. गाडी त्याच्या अंगावर आडवी झाली. फिटरने ती उचलण्याआधी हाका मारून गल्ली गोळा केली, या, माझा वारस बघा म्हणाला. मी हरेन तेव्हाच किल्ली माग, असंही वर बजावलं. मुलगा आता चाळिशीला आला होता. त्याने पुन्हा हात लावला नव्हता.

पण गेल्या चार महिन्यांत गाडी जड होत चालली होती. फिटर बहात्तरचा, हातात पूर्वीचा जोर नव्हता, हे त्यालाही कळत होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो? मुलगा कामावर गेला की तो चाक काढून लेथवाल्याकडे नेई. घरी कुणी विचारलं तर बेअरिंग वाजतंय म्हणे. चाक हलकं होत होतं आणि गाडी तरीही जड लागत होती. म्हणजे आपणच संपत आलो, असा त्याने अर्थ लावला. त्या विचाराने त्याला झोप लागेनाशी झाली.

हब आणखी तासून आणल्यानंतरच्या रविवारी गाडी स्टँडला लागलीच नाही. त्याने दुसऱ्यांदा जोर लावला. तिसऱ्यांदा गुडघा टेकला. फिटरने खिशातून किल्ली काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली. शब्दाला मात्र तो पक्का होता.

मुलाने किल्ली खिशात टाकली, पाना आणला आणि मागच्या सीटचे दोन नट सोडले. ती सीट त्यानेच चार महिन्यांपूर्वी वाढदिवसाची भेट म्हणून नवी करून आणली होती. आता त्याने ती उपडी केली आणि आतून शिशाच्या पट्ट्या काढून एकेक फरशीवर टाकल्या. सोळा निघाल्या.

"दर शनिवारी एक घालत होतो, बाबा," तो म्हणाला. "मला तेव्हा किती जड लागली होती, ते तुम्हालाही कळू दे म्हटलं."

फिटरची कानशिलं तापली. पण गल्लीने भलतंच पाहिलं. समोरच्या शिंप्याने एक पट्टी उचलून जोखली आणि तोंडात बोट घातलं. म्हणजे म्हातारा या वयात दर रविवारी एवढं जादा वजन उचलत होता? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाचाही राग कुठल्या कुठे गेला. तिसऱ्या रविवारी हराल वाटलं होतं, तुम्ही खरंच लोखंडाचे आहात, असं तो चारचौघांत म्हणाला. बापाबद्दल तो एवढं चांगलं कधी बोलला नव्हता. फिटरला ते फार गोड लागलं.

मुलाने सीट बसवली, किल्ली लावली आणि किक मारली. "बसा मागे, बाबा. एक फेरी मारू."

नको, तू एकटाच जा, फिटर म्हणाला. शिंपी हसला. लोखंड भ्यालं वाटतं, कुणीतरी म्हणालं, आणि सगळी गल्ली हसू लागली.

एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोललं की मुलगा चाक काढणार, तासलेला हब वर धरणार आणि हाका मारून सगळ्यांना दाखवणार. चोरून वजन काढणारा म्हातारा. त्या टाळ्या परत जाणार. फिटरने एकदा चाकाकडे पाहिलं आणि एकदा गल्लीकडे. मग तो टांग टाकून मागे बसला आणि मुलाचे खांदे त्याने घट्ट धरले.

गाडी उताराला लागली. मुलगा ही गाडी आयुष्यात पहिल्यांदाच चालवत होता. खालचे ट्रक पाहून तो बिचकला आणि त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"घाबरू नकोस," फिटर त्याच्या कानाशी म्हणाला. "मी आहे मागे."