भोपळ्यावरच्या दोघी

दुपारच्या शांततेत मागच्या दाराची कडी खट्‌कन वाजली, तशी आई भाजी चिरायची सोडून उठली. चार वर्षांची लेक अनवाणीच परसात पळाली होती. महिनाभर तापाने अंथरुणाला खिळलेलं पोर कालपासून कुठे चालायला लागलं होतं.

"अगं माकडा, ऊन बघ केवढं आहे! आत ये आधी!"

लेक भोपळ्याच्या वेलापाशी उकिडवी बसली होती. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिने मुठीएवढ्या भोपळ्यावर नखाने दोन माणसं ओरखडली होती. एक आई, एक ती, हातात हात घेतलेल्या. भोपळा फुगत गेला, तशा त्या दोघीही मोठ्या होत गेल्या. पण त्यांच्यात अंतर पडू लागलं.

"साल ताणली की चित्रही ताणणारच. तू म्हणजे ना, कशाचीही धास्ती घेतेस," नवरा हसून म्हणाला होता. तरी रोज पाणी घालताना आई ते अंतर बोटांनी मोजायची. काल चार बोटं होतं. आज भोपळ्यावर चित्रातली आई एकटीच दिसत होती.

बास झालं, आता तोडायचाच. तिने विळ्याने देठ कापला आणि भोपळा उलटा केला.

मातीला टेकलेल्या फिक्या बाजूवर लेक होती. तिचा हात तिसऱ्याच एका उंच बाईच्या हातात होता. त्या बाईचे ओरखडेही बाकीच्यांइतकेच जुने, भरून आलेले होते.

लेकीने त्यांवरून बोट फिरवलं.

"आई, ही मला कुठे नेतेय गं?"