मिरच्यांचा लाल

जन्मभर मुलांच्या पुस्तकांतली चित्रं रंगवणाऱ्या वेस्काला तिचा नवरा स्तोइल प्लोव्हदिव शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन आला. यंदा तिला भारीतलाच मॉनिटर घ्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. दुकानदाराने तिचंच लाल मिरच्यांचं चित्र भारी आणि स्वस्त अशा दोन्ही मॉनिटरवर लावलं. वेस्का बराच वेळ पाहत राहिली.

"स्वस्तातलाच द्या."

स्तोइल हसला. "लाल जरा फिका छापला की छापखाना डोक्यावर घेणारी तू! आता माझ्या खिशाची कीव आली होय?"

"तसं नाही रे. मला दोन्ही सारखेच दिसतायत."

जन्मभर बस चालवलेल्या स्तोइललाही स्वस्त मॉनिटरवरच्या मिरच्या मातकट दिसत होत्या. त्याने तिचा हात धरला.

"स्वस्तातलाच द्या," तो दुकानदाराला म्हणाला, "मलाही सारखेच दिसतायत."